पाठ टेकल्यावर

आडपडद्यामागं जे चालतं त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. डॉक्टर पडद्यामागं गेला की वाटतं, हा आता मोबाइल बघत असणार. हॉटेलवाला आत जाऊन "गरम काढतो" म्हणाला की मला कालची भजी दिसायला लागतात. त्यामुळं अकिबनं पाटावर पुठ्ठा उभा करून त्याच्यामागं फासा टाकला, तेव्हा पहिल्याच रविवारी मी मनात म्हणालो, इथं काहीतरी शिजतंय.

मी कल्याण. मूळचा धावड्याचा, आता जालन्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. माझा चुलतभाऊ भारत इथंच एका बियाण्यांच्या कंपनीत आहे. त्यानंच मला तिथं ओढून नेलं. "दादा, रविवारी दुकान बंद करून तू नुस्ता भिताडाकडं बघत बसतो. त्यापरीस चल माझ्यासंगं," म्हणाला. तिथं म्हणजे पाशामियाँच्या गादीघराच्या माडीवर. खाली पाशामियाँ कापूस पिंजून गाद्या भरतात, वर तयार गाद्यांच्या थप्प्या, आणि थप्प्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांचा मुलगा अकिब आणि मुलगी अर्शिया पाट मांडून बसलेले. अकिब पुण्याला शिकायला होता तेव्हा हॉस्टेलवर हा खेळ शिकून आला. शिक्षण संपलं, घरी परतला, पण खेळ काही सुटला नाही.

खेळ म्हणजे पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत, पैशाचा तर संबंधच नाही. प्रत्येकानं एक माणूस मनानं उभा करायचा. त्याची ताकद किती, चपळाई किती, हे कागदावर लिहायचं. अकिब सांगणार, समोर नदी आहे आणि पलीकडं चोर आहेत. आपण सांगायचं, मी अमुक करतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. जितका मोठा आकडा, तितकं चांगलं. आपला फासा आपण टाकायचा, सगळ्यांसमोर. चोरांचा, अस्वलांचा, भुताखेतांचा फासा मात्र अकिब टाकणार, आणि तोही पुठ्ठ्याच्या आड.

"आड कशाला?" मी विचारलं.

"मजा ऱ्हाते, कल्याणभाऊ. सगळंच दिसलं तर भ्या कशाचं वाटंल?"

मला तेवढ्यानंच भ्या वाटायला लागलं.

माझ्या माणसाचं नाव मी हैबती ठेवलं. पैलवान गडी. भारतचा एक जादूगार होता, दाढीवाला आणि भारतइतकाच आळशी. अर्शियाची होती निलोफर, तिरंदाज. अर्शिया एका शाळेत शिकवते, बोलते कमी, पण निलोफर झाली की चुरूचुरू बोलायची. माझ्या कितीतरी आधीपासून ती हीच निलोफर खेळत होती. तिचा कागद खोडून खोडून फडक्यासारखा मऊ झाला होता.

पहिल्याच लढाईत मी म्हणालो, "मी त्या चोराला धरतो."

"वा!" अकिब खूश झाला. "धरायचे कायदे येगळे हायेत. ऐका."

त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझं डोकंच सटकलं. धरायला एक हात मोकळा पाहिजे, इथवर ठीक. समोरचा आपल्याहून फार मोठ्या मापाचा नको, म्हणजे अस्वल चालेल, हत्ती नाही; हेही पटलं. दोघांनी फासा टाकायचा, मी त्यात माझी ताकद मिळवायची, त्यानं ताकद किंवा चपळाई, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचं खरं. पण धरल्यावर होतं काय? तर त्याचे पाय थांबतात. बस. तो जागचा हलत नाही, एवढंच. हातातली तलवार तो खुशाल चालवू शकतो.

"अरे, मी धरलाय ना त्याला!" मी ओरडलो. "मी धरलेला गडी तलवार चालवंल? त्याला धड श्वास घेता येनार न्हाई!"

"धरणं येगळं, बांधणं येगळं, भाऊ."

"आन् पाडला तर?"

"पाडायला परत फासा. पाडला तर तो आडवा. उठायला त्याला आपली अर्धी चाल खर्चावी लागते. पण तुम्ही धरलेला असंल तर त्याची चालच शून्य, मंग उठंल कशानं? तुम्ही धरून ठेवाल तवर तो खालीच."

हे मात्र मला आवडलं. खेळ काढणारानं कुठंतरी माती बघितली असावी असं वाटलं. पुढंही बरंच होतं. धरलेल्याला ओढत न्यायचं तर आपली चाल निम्मी होते. त्याला सुटायचं असेल तर आपल्या पाळीला वार सोडून झटापट करायची, पुन्हा फासे.

"आन् तुम्हालाच सोडायचा असंल," अकिब शेवटी म्हणाला, "तर कवाबी सोडा. सोडायला फासा लागत न्हाई."

"मी कशाला सोडू?" मी म्हणालो, आणि भारतनं पटकन दुसरीकडं बघितलं.

ते बघणं मी चांगलं ओळखतो. मी पैलवान होतो, आणि बरा होतो. सात-आठ वर्षांमागं शेजारच्या एका गावच्या यात्रेत शेवटची कुस्ती माझी लागली. समोरचा गडी वजनानं भारी. मी पट काढला, त्याला खाली घेतला, आणि त्याची पाठ मातीला टेकलेली माझ्या हाताला कळली. मी हात काढला आणि उभा राहिलो. पंच पलीकडच्या अंगाला होते. त्यांना दिसलं नसेल, किंवा एकच खांदा टेकला असेल. मला आजही सांगता येत नाही. त्यांनी निकाल दिलाच नव्हता. मी हात वर करतोय तोवर तो उठला, मागून माझी कंबर धरली आणि मला आपटलं. माझी पाठ मात्र साऱ्या फडाला दिसली.

लोकांनी एकच काढलं. धरलेला गडी कुणी सोडतं का? यानं कुस्ती विकली. नुरा कुस्ती, आधीच ठरवून केलेली. मी काही बोललो नाही. काय बोलणार? हातातून निसटला असता तर गोष्ट वेगळी होती. मी स्वतः सोडला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील रामराव, फडाच्या कडेलाच बसले होते. तेही जुने पैलवान. आम्ही एकाच जीपमधून घरी आलो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढंही त्या विषयावर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. त्यांनी एकदा तरी विचारावं म्हणून मी फार वाट बघितली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते विचारत नाहीत म्हटल्यावर मी काय ते समजलो. वर्षभरात कुस्ती सोडली आणि जालन्याला आलो. तेव्हापासून दोन माणसं हळू आवाजात बोलताना दिसली की मला वाटतं, माझंच चाललंय.

तर असा मी, आणि माझ्यापुढं अकिबचा पुठ्ठा.

सुरुवातीला मला वाटायचं, हा मला हरवणार. पण झालं उलटंच. हैबती जिंकतच सुटला. मी म्हणायचं "धरतो", फासा टाकायचा, नऊ-दहा पडायचे. अकिब पुठ्ठ्यामागं टाकायचा, वाकून बघायचा, जीभ चावायचा आणि म्हणायचा, "धरला तुम्ही, भाऊ." चोर धरला, दुसरा चोर धरला, पाण्यातला राक्षस धरला. भारतचे वार तीनात दोन वाया जात होते. निलोफरचे बाण झाडात घुसत होते. माझाच हात तेवढा सोन्याचा झाला होता.

एखाद्याला आनंद झाला असता. मला झोप येईना. मी बघायला लागलो. अकिब माझ्यासमोरच्या गड्याचा फासा टाकतो तेव्हा उचलायची घाई करतो का? करत होता. माझ्या पाळीला भारत आणि तो एकमेकांकडं बघतात का? एकदा बघितलं. चहा प्यायला खाली उतरताना मी अर्शियाला गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझा भाऊ फासा बराबर टाकतो ना?"

"त्यालाच विचारा ना, भाऊ," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरली. सरळ उत्तर असतं तर सरळ दिलं असतं. माझी खात्री वाढली.

मग आला अस्वलाचा रविवार. गुहेतलं अस्वल, माझ्याहून एक माप मोठं, ताकदीनंही चढ. धरायला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मी मुद्दाम म्हणालो, "धरतो." माझा फासा पडला पाच. ताकद धरून बारा झाले. अकिबनं आपला टाकला. तेवढ्यात मी पाण्याच्या तांब्यासाठी हात लांब केला आणि पुठ्ठ्यावरून वाकून बघितलं. फाशावर चक्क एकोणीस होते.

"तीन पडले," अकिब म्हणाला. "धरलं तुम्ही!"

भारतनं टाळी वाजवली. मी पाणी प्यालो. तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी अस्वल धरून बसलो.

आठवडाभर दुकानात माझं ध्यान नव्हतं. गिऱ्हाइकानं सोळाची नळी मागितली की मी बाराची काढून द्यायचो. मला फसवून हरवलं असतं तर मी भांडलो असतो आणि विसरलो असतो. हे मला फसवून जिंकवत होते! न केलेल्या ज्या गोष्टीचा डाग माझ्यावर लागला, ती ठरवून केलेली कुस्तीच माझ्या तोंडात गोड घास करून भरवत होते. आणि अकिबला काय पडलंय माझं? त्याला कुणीतरी सांगितलं असणार. सांगणारा एकच होता.

पुढच्या रविवारी मी माडीवर चढलो ते थेट पाटाजवळ गेलो, पुठ्ठा उचलला आणि गादीच्या थप्पीमागं भिरकावला.

"एकोनीसला तीन कोन्त्या पुस्तकात म्हनतेत?" मी विचारलं.

अकिबचा चेहरा पडला. त्यानं नाकारलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. "तीन-चार येळा केलं, भाऊ. माफ करा," तो म्हणाला. "भारतभाई म्हनले, तुम्ही हारले तर परत येनार न्हाई. म्हनले, त्याचं मन लई दुखेल हाय, त्याला जिंकू दे."

"अजून काय म्हनला भारत?"

अकिबनं मान खाली घातली. भारत फाशाशी चाळा करत बसला.

"आजपासून सगळे फासे उघड्यावर," मी म्हणालो. "न्हाईतर मी चाललो. आन् तू रे भारत, माझ्या मनाची काळजी करू नको. तुझी कर."

अर्शिया म्हणाली, "मी तर कवाचीच म्हणत होते, पुठ्ठा काढ." म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मी तिच्याकडंही रागानंच बघितलं.

तशा वातावरणात खेळ सुरू झाला. त्या दिवशी आम्हाला एका गढीत शिरायचं होतं, आणि वरच्या मजल्यावर गढीचा किल्लेदार उभा होता, हातात लांब तलवार. उघडे फासे म्हणजे काय हे तेव्हा कळलं. किल्लेदाराचे फासे आमच्या डोळ्यांदेखत अठरा, सतरा पडत होते. निलोफर जखमी झाली, मग बेशुद्ध पडली, जिन्याच्या तोंडाशी. बेशुद्ध माणसाच्या नावापुढं अकिब फुल्या मारतो. तीन फुल्या झाल्या की तो माणूस मेला, आणि मेलेला परत येत नाही, असं त्यांचं पहिल्यापासून ठरलेलं. निलोफरच्या नावापुढं एक फुली पडली होती. पडलेल्यावर जवळून वार झाला तर एकदम दोन.

भारतचा जादूगार औषध घेऊन जिना चढत होता. त्याला पोचायला आणखी एक पाळी लागणार होती. तोवर किल्लेदाराला अडवणं एवढंच काम होतं.

"धरतो," मी म्हणालो.

माझा फासा अठरा. किल्लेदाराचा उघड्यावर अकरा. धरला! दुसऱ्या झटक्याला पाडायचा डाव टाकला. माझे सोळा, त्याचे नऊ. पडला! चौघंही ओरडलो. खालून पाशामियाँनी "क्या हुआ रे?" म्हणून विचारलं. अर्शिया गुडघ्यांवर उभी राहिली होती. राग, आठवडाभराचं जागरण, सगळं माझ्या अंगातून निघून गेलं. इतक्या वर्षांनी मी कुणाला तरी खरोखर खाली घेतलं होतं, सगळ्यांच्या समोर, कुणी मदत न करता.

"किल्लेदार आडवा," अकिब म्हणाला. "पाठ जमिनीला. हैबती त्याच्या छाताडावर. भाऊ, आता काय करता?"

"काय करता म्हंजे?" मी म्हणालो. "झाली. चीत. सोडला." आणि मी दोन्ही हात वर केले.

अर्शिया गुडघ्यांवरून खाली बसली.

"सोडला?" अकिबनं विचारलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि उघड्या खेळाचा हट्ट माझाच होता. अकिबनं भारतकडं बघितलं, अर्शियाकडं बघितलं. मग फासा उचलला, आणि मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाला, "किल्लेदार उठतो. दोन पावलांवर निलोफर पडलीय, तिच्यापर्यंत जातो." फासा पडला चौदा. वार लागला. त्यानं दोन फुल्या मारल्या.

अर्शियानं आपला कागद हातात घेतला आणि बघत राहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"दादा," भारत म्हणाला, "राग माझ्यावर होता ना? तिच्यावर कशाला काढला?"

"मी राग न्हाई काढला."

"मंग हातातला गडी सोडला कशाला?"

तेच वाक्य होतं, आणि तेच बघणं. मी पुन्हा त्या फडात उभा होतो. माझ्याविरुद्ध सगळं होतं: सकाळपासून मी भांडलो होतो, सगळ्यांवर डाफरलो होतो, आणि सोडायला फासा लागत नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच पंच असतो तर मीही हेच म्हणालो असतो. मी उठलो आणि जिन्याजवळ चपला शोधायला लागलो.

"कल्याणभाऊ," अर्शिया मागून म्हणाली. "का सोडला ते सांगून जा. माझी निलोफर मेलीय, मला हक्क हाय."

मी वळलो. मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, मी का सोडला ते.

"पाठ टेकली की कुस्ती संपते," मी म्हणालो. "मंग हात काढायचा असतो. पडलेल्या मानसाला दाबून धरनं बरं न्हाई. मी ठरवून काढत न्हाई. हात आपोआप निघतो."

"आपोआप?" भारत म्हणाला. त्याचा विश्वास नव्हता, आणि त्यानं तो लपवलाही नाही.

अर्शियाचाही नव्हता. तिनं कागद खाली ठेवला. "मंग दाखवा. भारतभाईला पाडा इथंच, गादीवर. पण पाडल्यावर सोडायचा न्हाई. मी पाच मोजीन, तवर धरून ठेवायचा."

"आन् धरून ठेवला," अकिब मधेच म्हणाला, "तर मी तो वार मागं घेतो. निलोफर जित्ती. कायदा मोडला तर मोडला."

म्हणजे आता भारतला धरून ठेवण्यातच माझा फायदा होता. मला तर तेच पाहिजे होतं. निलोफर वाचेल, अर्शियाचा चेहरा उजळेल, मी चपला न घालता पुन्हा पाटाशी बसेन. मी मनाशी पक्कं केलं, काही झालं तरी सोडायचा नाही.

अकिबनं गादी पसरली. भारत गावात थोडाफार खेळलेला, त्यामुळं तो सहज पडणार नव्हता, आणि त्याला पडायचंही नव्हतं. त्यानं माझी मान धरली. मी खाली बसलो, त्याचा पाय ओढला, खांद्यानं रेटला. भारत गेला. इतकी वर्षं नळ्या विकूनही अंगाला सगळं आठवत होतं. त्याची पाठ गादीला टेकली. माझे हात त्याच्या दंडांवर होते.

"एक," अर्शिया म्हणाली.

तिचं "दोन" व्हायच्या आत मी उभा होतो. हात वर. कधी उठलो मला कळलं नाही. मी माझ्या हातांकडं बघितलं आणि माझ्या तोंडून शिवी गेली, बाईमाणसासमोर. मला धरायचं होतं! जीव तोडून धरायचं होतं!

"अरे क्या गिराया रे ऊपर?" पाशामियाँ खालून ओरडले. "छत नीचे लाते क्या?"

अर्शिया माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात आता काही शोधायचं उरलं नव्हतं. तिनं पेन्सिल घेतली आणि निलोफरच्या नावावर स्वतःच एक आडवी रेघ मारली. "वार बराबर हाय, अकिब," ती म्हणाली. "भाऊनं मुद्दाम न्हाई सोडला."

भारत अजून गादीवर उताणाच होता. वरच्या पत्र्याकडं बघत तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी पन तू असाच उभा ऱ्हायलता. हात वर करून."

"हां."

"मी पारावर समद्यांसंगं म्हनत होतो, विकली म्हनून." पत्र्यावरची नजर त्यानं काढली नाही. "अकिबला पन तेच सांगितलं मी. त्यानं एक कुस्ती विकली, तवापासून कशातच मन न्हाई त्याचं, म्हनलं. चुकलो, दादा."

मला त्याला तुडवावंसं वाटलं. खरंच वाटलं. माझ्या घरात जेवलेला, माझ्या गाडीवर फिरलेला माणूस. आणि त्याच वेळी छातीवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं हलकंही वाटत होतं. दोन्ही एकदम होत असेल तर माणसानं काय करायचं, मला ठाऊक नाही. मी थप्पीला टेकून बसलो.

"अण्णाला सांगतो," भारत उठून बसला. "आत्ताच सांगतो." मी नको म्हणेपर्यंत त्यानं फोन लावला होता, आणि आवाज मोठा केला होता. पलीकडं धावड्याला अण्णांनी उचलला. मागं कुठंतरी पाण्याच्या मोटारीची घरघर चालू होती.

"अण्णा, मी भारत. कल्याणदादाची ती यात्रंतली कुस्ती..."

"तिचं काय?"

"त्यानं विकली न्हवती, अण्णा."

मला वाटलं, आता अण्णा म्हणणार, कोण म्हणतं. किंवा फोनच ठेवून देणार.

"हे सांगायला फोन केला व्हय?" अण्णा म्हणाले. "मला काय ठाऊक न्हाई?"

भारत चमकला. "मंग तुम्ही त्याला कधी इचारलं का न्हाई?"

अण्णा बोलले, थांबत थांबत.

"काय इचारू? पाठ टेकली की हात काढ, पडलेल्यावर जोर करू नको, हे त्याला मीच शिकवलं. इवलासा व्हता तवा, वावरात. हात काढला न्हाई तर पाठीत धपाटा घालायचो. त्या दिवशी त्यानं हात काढला आन् मला कळलं, आपल्या शिकवन्यानं हारलं पोरगं. मी कोन्त्या तोंडानं इचारनार व्हतो त्याला?"

भारतनं फोन माझ्यापुढं धरला. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायचं भान नव्हतं.

"अण्णा," मी म्हणालो, "मी हितंच हाय."

पलीकडं अण्णांचा श्वास ऐकू येत होता. अर्शियानं पुढं होऊन फोनचा मोठा आवाज बंद केला आणि तो माझ्या कानाला लावून दिला. मग ती तिघं जिना उतरून खाली गेली, आणि मी आणि अण्णा बोलायला लागलो.